समोरच्या फुटपाथवरून बघून या
वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन दुकान

या खेपेला पत्रं बरीच आली, त्यातली पाच निवडली आहेत. नावं छापत नाही. मागे एकदा एका वाचकाचं नाव छापलं, आणि त्याची साइट त्याच्या मेव्हण्यानेच बनवलेली निघाली. घरात आठवडाभर अबोला होता म्हणे.

प्रश्न : मी नाशिकला सिडकोत राहते. घरून चिवडा, मेतकूट, काळा मसाला आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया करून विकते. आधी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं. दिवाळीच्या तोंडावर १८,००० रुपये देऊन वेबसाइट करून घेतली. लोक येतात, कार्टमध्ये माल टाकतात आणि पैसे न भरताच निघून जातात. साइट करून देणारा मुलगा म्हणतो, डिझाइन चांगलं आहे, जाहिरात वाढवा. वाढवू का?

ताई, तूर्त जाहिरातीवर एक रुपयाही घालू नका. माठ गळका असेल तर पाणी कितीही ओता.

तुमची लिंक मी आधी स्वतः उघडली नाही. साइट करून करून माझी नजर बिघडली आहे. कुठलं बटण कुठे असणार हे मला न बघताच कळतं. आमच्या ऑफिसखाली इस्त्रीचं दुकान आहे, तिथल्या वहिनींना लिंक पाठवली. फोन त्यांचाच, पैसे माझे. म्हटलं, अर्धा किलो चिवडा आणि पाव किलो काळा मसाला मागवा. मी मागे स्टुलावर बसलो आणि तोंडाला कुलूप लावलं. हे कुलूप फार अवघड असतं, बरं का. सारखं वाटतं, ‘अहो, खाली आहे बघा बटण.’ पण तुमच्या गिऱ्हाइकाच्या मागे मी थोडाच बसलेला असतो!

चिवडा त्यांना लगेच सापडला. फोटो छान आहेत तुमचे. चिवडा १९०, मसाला १५०, बेरीज ३४०. इथवर दोन मिनिटं. मग आलं लॉगिनचं पान : नाव, ईमेल, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड. वहिनींचा ईमेल मुलाने फोन घेताना काढून दिलेला, त्यांना पाठ नाही. माझा दिला. पासवर्ड टाकला, बटण दाबलं, काही होईना. पुन्हा दाबलं. चार वेळा दाबून म्हणाल्या, ‘हँग झाला वाटतं.’ हँग नव्हता झाला. पानाच्या पार वर, बारक्या लाल अक्षरांत, इंग्रजीत लिहून आलं होतं की पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर आणि एक खूण हवी. त्यांचं बोट खाली, नजर खाली, आणि निरोप वर.

तिथून सुटलो तर पत्ता. पहिल्या ओळीत त्यांनी सगळा पत्ता लिहिला. दुसरी ओळ पण सक्तीची, म्हणून तिथे ‘नाशिक’. शहर विचारलं, पुन्हा ‘नाशिक’. राज्य निवडायला छत्तीस नावांची यादी, त्यात महाराष्ट्र मध्ये कुठेतरी. पिनकोडच्या चौकटीला बोट लावलं तर आकड्यांऐवजी एबीसीडीचा कीबोर्ड वर आला. एवढं सगळं झाल्यावर शेवटच्या पानावर ३४० चे ४३० झाले. डिलिव्हरी ७०, पॅकिंग २०. वहिनी म्हणाल्या, ‘एवढ्यात मी मेनरोडला जाऊन चिवडा घेऊन परत येईन की,’ आणि फोन पालथा ठेवून इस्त्री हातात घेतली. अकरा मिनिटं झाली होती.

तर पैसे का भरत नाहीत, हे आता तुम्हालाही कळलं. त्या मुलाला एवढं सांगा.

डिलिव्हरीचा खर्च चिवड्याच्या फोटोखालीच लिही : नाशिक शहरात इतके, बाहेर इतके, इतक्याच्या वर फुकट. पॅकिंगचे वीस रुपये मालाच्या किमतीतच धर. १९० चा चिवडा २०० ला घेताना कोणी कुरकुरत नाही, पण शेवटच्या पायरीवर वाढलेले वीस रुपये फसवल्यासारखे लागतात. खातं काढायची सक्ती काढून टाक. चिवडा घ्यायला पासवर्ड कशाला? मोबाइल नंबर आणि पत्ता पुरे, खातं ज्याला हवं तो नंतर काढेल. पत्त्यात पिनकोड सगळ्यात आधी विचार. ते सहा आकडे आले की शहर आणि राज्य आपोआप भरता येतं, छत्तीस नावांची यादी लागतच नाही. पिनकोडच्या चौकटीला ‘इनपुटमोड न्यूमेरिक’ लावलं की आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. नाव-पत्त्याच्या चौकटींना ‘ऑटोकम्प्लीट’ नीट लावलं तर फोनमध्ये साठवलेला पत्ता एका टिचकीत भरतो. चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा बारीक ठेवू नको, नाहीतर आयफोनवर बोट लावताच पान फुगतं आणि माणूस हरवतो. हे सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम आहे, तो जास्त सांगेल.

चूक दाखवायची ती चुकलेल्या चौकटीच्या खालीच, मराठीत, आणि काय करायचं ते सांगून. ‘इनव्हॅलिड इनपुट’ असलं काही नको. ‘पिनकोड ६ आकडी हवा, तुम्ही ५ टाकलेत’ असं. दुकानात आपण असंच बोलतो.

सीओडी, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे, बंद करू नका, पण यूपीआय वर ठेवा आणि सीओडीच्या प्रत्येक ऑर्डरला माल निघण्याआधी एक फोन करा. परत आलेल्या पार्सलला कुरियरवाले ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं होतं, चिवड्याची गाडी पेठ रोडच्या आरटीओ ऑफिसात पासिंगला गेली की काय! परत आलेला चिवडा कोणाच्या कामाचा नाही आणि जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या डोक्यावर.

आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद केलं नाहीत ना? ‘लसूण न घालता करून द्याल का?’ हे विचारायला कुठलीही चौकट पुरी पडत नाही. ते बटण प्रत्येक पानावर राहू द्या.

मागे बसून गप्प बघायचं हे मी कुठल्या कोर्सात शिकलो नाही. मी मूळचा बोर्ड रंगवणारा. रविवार कारंजा ते शालिमारपर्यंतची बरीच शटरं माझ्या हातची होती, फ्लेक्स आलं आणि ब्रश सुटला. आमचे उस्ताद खडूने अक्षरं आखून झाली की रंगाचा डबा उघडू द्यायचे नाहीत. म्हणायचे, समोरच्या फुटपाथवर जा आणि तिथल्या रसवाल्याला विचार काय लिहिलंय. ‘तुला विचारून काय उपयोग, तूच लिहिलंयस.’ याकोब निल्सन नावाचे या विषयातले मोठे जाणकार आहेत, त्यांनी २००० साली लिहून ठेवलं की पाच माणसं अशी बसवून बघितली की बहुतेक खोडी बाहेर येतात. माझ्या उस्तादांचं एका रसवाल्यावर भागायचं. तुम्ही तिघांना बसवा : एक शेजारीण, एक भाचा, एक अशी बाई जिने आजवर ऑनलाइन काही घेतलंच नाही. मग जाहिरातीचं बघू.

प्रश्न : आमची येवल्याला पैठणीची पिढीजात पेढी, आता नाशिकला कॉलेज रोडलाही दुकान आहे. वेबसाइटवर सुरुवातीला पाच मोठे फोटो सरकत राहतात, ड्रोनने काढलेला एक व्हिडिओ पण आहे. बघणारे ‘वा’ म्हणतात, ऑर्डर मात्र इन्स्टाग्रामच्या मेसेजवरूनच येते. किमती मुद्दाम टाकलेल्या नाहीत, कारण समोरचे दुकानदार बघतात. काय चुकतंय?

भाऊ, तुमचा ड्रोन बघायला मी सीबीएसच्या स्टँडवर उभा राहिलो, दुपारी, साध्या फोनवर. व्हिडिओ सुरू होईपर्यंत माझी बस लागली.

सरकते फोटो काढून टाका. पहिला वाचेपर्यंत दुसरा येतो, आणि चौथ्यावर काय होतं ते तुमच्या घरच्यांनाही आठवणार नाही. एकच फोटो ठेवा, तोही हलका. तुमच्या फोटोग्राफरने दिलेली चार-चार एमबीची फाइल तशीच चढवली आहे. तीच वेबपी नावाच्या हलक्या फॉरमॅटमध्ये, फोनच्या रुंदीला बेतून, दीड-दोनशे केबीत बसते आणि डोळ्याला फरक कळत नाही. गुगलचं ‘पेजस्पीड इनसाइट्स’ फुकट आहे, त्यात तुमच्या साइटचा पत्ता टाका. पानावरचा सर्वांत मोठा ऐवज अडीच सेकंदांच्या आत दिसला तर गुगल ते चांगलं धरतं. निकाल मोबाइलचा बघा, कॉम्प्युटरचा बघून खूश होऊ नका.

पण वेग हा तुमचा खरा आजार नाही. पैठणी घ्यायला आलेली बाई दुकानात काय करते ते तुम्ही रोज बघता. ती साडी उलटी करून बघते. हातमागाची पैठणी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, आणि मशिनच्या साडीचे धागे मागे उघडे पडतात, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं असतं. तुमच्या साइटवर एकाही साडीची उलटी बाजू नाही. मॉडेल आहे, महालाची पायरी आहे, झुंबर आहे.

दर साडीला पाच फोटो काढा. पूर्ण पदर, काठ जवळून, पदराची उलटी बाजू (कोणीतरी हाताने धरून, म्हणजे धागा किती बारीक ते बोटाच्या मापाने कळतं), उघडलेली पूर्ण साडी, आणि अस्सल रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल. स्टुडिओत नाही, सकाळी दुकानाच्या दारात, उन्हाच्या बाजूला. जांभळा रंग पिवळ्या लाइटखाली वांग्याचा दिसतो आणि साडी परत येते. खाली साध्या मराठीत : हातमाग की पॉवरलूम, जरतार कुठली, नारळी काठ की दुसरा, बुट्टी कसली, ब्लाउजपीस जोडून आहे का, धुवायची कशी.

शोधायची सोय पण तशीच हवी. तुम्ही ‘रॉयल हेरिटेज’ आणि ‘टाइमलेस’ असे कप्पे केलेत. कोणती बाई दुकानात येऊन म्हणते, मला टाइमलेस दाखवा? ती म्हणते, मोरपंखी दाखवा, वीस हजारांच्या आत, पदरावर मोर हवेत. कप्पे तेच करा : रंग, किंमत, काठ, पदर.

किमतीचं म्हणाल, तर समोरच्या दुकानदाराला तुमच्या किमती आजही माहीत आहेत, तो कोणालातरी मेसेज करायला लावतोच. माहीत नाहीत त्या गिऱ्हाइकाला. ‘किंमत विचारा’ वाचून मध्यमवर्गीय माणूस गृहीत धरतो की आपल्याला झेपणारं नाही, आणि विचारतच नाही. खास मागावर विणून द्यायच्या पैठणीला ‘पासून’ लावून आकडा लिहा आणि विणायला किती महिने लागतील तेही लिहा. बाकी सगळ्यांना सरळ किंमत.

प्रश्न : भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे. साइट मराठीत ठेवू की इंग्रजीत? मुलगा म्हणतो, मराठीत ठेवली तर गावठी दिसेल.

गावठी भाषा नसते, गावठी भाषांतर असतं. मराठी साइटवर ‘आता खरेदी करा कार्टला जोडा’ असलं मशिनी काहीतरी येतं, तेव्हा ती गावठी दिसते. चेकआउट, कार्ट, डिलिव्हरी हे शब्द तसेच राहू द्या, लोक ते बोलतात. ‘प्रेषण शुल्क’ कोणी बोलत नाही.

दोन्ही भाषा ठेवा, वर कोपऱ्यात ‘मराठी | English’ असं सरळ शब्दांनी, प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा. झेंडे लावू नका. इंग्रजीला ब्रिटनचा लावाल, मराठीला कुठला लावणार?

अक्षरं युनिकोड हवीत. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधून थेट उचललेला मजकूर गिऱ्हाइकाच्या फोनवर कचरा दिसतो, आणि त्याचं चित्र करून टाकलंत तर गुगलला तो वाचता येत नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘एमआर’ अशी नोंदवायला सांगा. चांगल्या फॉन्टमध्ये तेवढ्याने ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदीचे येतात. मी अक्षरं रंगवणारा माणूस, मला तो हिंदी ल बोर्डावर दिसला की दात दुखतात. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडता कामा नये.

शोधाच्या चौकटीचं तुमचं दुखणं निराळं आहे, कारण तुम्ही तांब्याचा तांब्या विकता. कोणी इंग्रजी अक्षरांत ‘तांबा लोटा’ टाकणार, कोणी ‘कलश’, कोणी ‘गडू’, कोणी ‘कॉपर’. सगळ्यांना एकच वस्तू दिसली पाहिजे. लोकांनी काय शोधलं आणि काहीच सापडलं नाही, त्याची यादी बहुतेक साइटच्या मागच्या बाजूला निघते. दर सोमवारी ती वाचा आणि ते शब्द त्या त्या वस्तूला जोडत जा.

प्रश्न : पिंपळगावहून बेदाणे आणि मनुका ऑनलाइन विकतो. एका एजन्सीने सुचवलंय की पानावर उलटं घड्याळ लावा, ‘फक्त २ पाकिटं शिल्लक’ असं लिहा, म्हणजे विक्री वाढेल. लावू का?

गोदामात पोती रचलेली असताना ‘फक्त २ शिल्लक’? नका लावू.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा चलाख्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार मोजलेत, आणि खोटी घाई हा त्यातलाच. न विचारता कार्टमध्ये काहीतरी सरकवणं, किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणं (सिडकोच्या ताईंचे ३४० चे ४३०), आणि ‘नको, मला तब्येतीची पर्वा नाही’ असं नकाराचं बटण करून गिऱ्हाइकाला खजील करणं, हेही त्याच यादीत. त्याआधीचे २०२० चे ई-कॉमर्स नियमही बघून घ्या. आधीच टिक केलेल्या चौकटीतून संमती घेता येत नाही. नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निकाल महिन्याभरात लावायचा.

खरी घाई असेल तर ती लिहा. या वर्षीचा माल संपत आला आणि नवा उन्हाळ्यात येणार, हे खरं असेल तर घड्याळाची गरज नाही. आणि त्या एजन्सीला विचारा, घड्याळ शून्यावर आल्यावर काय होतं? पान पुन्हा उघडलं की पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू. मी आजवर पाहिलेल्या बहुतेकांचं तसंच होतं, आणि ते गिऱ्हाइकालाही एकदा कळतंच.

प्रश्न : मी दुकानदार नाही. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो, वय ७४. औषधं, बिलं, तिकिटं, सगळं आता फोनवर. अक्षरं राखाडी आणि मुंगीएवढी. ‘पुढे’ आणि ‘रद्द करा’ ही बटणं इतकी चिकटून की दोनदा तिकीट रद्द झालं. सून म्हणते, मोतीबिंदू दाखवून घ्या. दाखवला, नाहीये. दोष कोणाचा?

काका, दोष आमचा. त्यातला थोडा खुद्द माझा.

काही वर्षांपूर्वी मी एक साइट केली होती, पांढऱ्यावर फिका राखाडी मजकूर. आमच्यात त्या छटेला नऊ-नऊ-नऊ म्हणतात. ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर कशी राजबिंडी दिसायची! मालकालाही आवडली. मग एक दिवस गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, उन्हात उभा असताना कोणालातरी ती दाखवायला गेलो आणि मलाच फोन नंबर वाचता येईना. बोर्ड रंगवताना पांढऱ्यावर राखाडी लिहिलं असतं तर उस्तादांनी ब्रश फेकून मारला असता.

याचं माप आहे. मजकूर आणि मागचा रंग यांतला फरक निदान ४.५ला १ असावा, असं वेबच्या सुलभतेचे जागतिक निकष सांगतात. माझा नऊ-नऊ-नऊ पांढऱ्यावर जेमतेम २.८५ भरतो. मोजायची साधनं फुकट मिळतात, मिनिटभराचं काम. याच निकषांच्या २०२३ च्या आवृत्तीत बोट लावायची जागा कमीत कमी २४ पिक्सेल सांगितली आहे. मी आयफोनवाल्यांसारखे ४४ धरतो, कारण बोटं त्यांची काय आणि आपली काय, सारखीच जाड. आणि ‘रद्द करा’ हे ‘पुढे’च्या शेजारी, त्याच रंगात, त्याच आकारात का असावं? ते बाजूला, साध्या अक्षरांत असावं, आणि दाबल्यावर एकदा विचारावं : तिकीट खरंच रद्द करायचं का? दुकानदार वाचकांनो, हे तुमच्यासाठी.

तुमच्यापुरता उपाय : फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेत जाऊन अक्षरांचा आकार वाढवा. क्रोमच्या सेटिंगमध्येही सुलभतेखाली तशी सोय आहे. काही साइट दोन बोटांनी मोठ्या होत नाहीत, कारण कोणा शहाण्याने कोडमध्ये तशी बंदी घातलेली असते. क्रोमच्या त्याच जागी ती बंदी उठवायचीही टिक आहे. सुनेला लावून द्यायला सांगा.

आणि एक विनंती. तुम्ही आयुष्यभर कागदावरची बारीक रेघ तपासलीत, तसा डोळा मला कुठे मिळायचा? सिडकोच्या ताईंची साइट दुरुस्त होऊन आली की कळवतो. एखाद्या बुधवारी दुपारी रविवार कारंजाला या, चहा घेऊ आणि फोन तुमच्या हातात देऊ. मी मागे स्टुलावर बसेन. चष्मा घरी विसरलात तर उत्तमच.